कोकणात लाइव्ह इलेक्ट्रॉनिक सेट वाजवायला जाताय? आधी सामान कमी करा

प्रश्न: मी पुण्यात राहतो. घरी डिजिटॅक्ट (ड्रम मशीन आणि सॅम्पलर), ८४ एचपी रुंदीची मॉड्युलर पेटी (केबलने जोडायचा सिंथेसायझर) आणि लॅपटॉपवर एबलटन (संगीताचं सॉफ्टवेअर) घेऊन वाजवतो. आधीपासून रचलेलं काही नसतं, जे सुचेल ते. डिसेंबरमध्ये देवबागच्या एका होमस्टेने संध्याकाळी तासाभराचा लाइव्ह सेट मागितला आहे. घराबाहेर पहिल्यांदाच वाजवणार आहे. काय काय न्यावं? आणि सगळं आयत्या वेळीच सुचणार असेल तर तयारी तरी कशाची करायची?

उत्तर:

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

जमलं तर एक दिवस आधी पोचा आणि होमस्टेवाल्यांना विचारा की आसपास दशावतार कुठे आहे. डिसेंबर म्हणजे तिकडे जत्रांचा हंगाम, कुठल्या ना कुठल्या गावात दहीकालो, म्हणजे दशावताराचा खेळ, असतोच. रात्री जाऊन पुढे बसा आणि नटांपेक्षा हार्मोनियमवाल्याकडे बघा. दशावतारात नटाच्या हातात लिहिलेले संवाद नसतात. आख्यान कोणतं, कोणाचा प्रवेश कधी, शेवटी कोण कोणाला मारणार, एवढं ठरलेलं. त्याआधीचा गणपती, सरस्वती, संकासुर हा आडदशावतारही ठरलेल्या वाटेने जातो. मधलं बोलणं मात्र उभ्या उभ्या सुचतं. साथीला हार्मोनियम, पखवाज आणि झांज, बस्स. हार्मोनियमवाल्याची नजर नटावर असते. नट वाक्य लांबवतोय की आवरतं घेतोय, हे बघून तो सूर धरतो किंवा सोडतो. रात्रभर हे चालतं, कारण सांगाडा सगळ्यांना पाठ असतो आणि लक्ष द्यायला डोकं मोकळं असतं.

तुम्हाला नेमकं हेच हवं आहे. घरी जे सुचतं ते सुचायला खोली मदत करत असते. स्पीकर ओळखीचे, उजेड ओळखीचा, नॉबवर हात न बघता जातो, आणि वीस मिनिटं काहीच जमलं नाही तरी कोणाला कळत नाही. परक्या जागी यातलं काही नसतं. तिथे पहिली पंधरा मिनिटं डोकं आवाज, वीज, डास आणि समोरची माणसं यांत अडकतं. त्या वेळात हाताला काय करायचं हे आधीच माहीत असलं पाहिजे.

म्हणून सेटचं आख्यान घरी ठरवा. तासाभरासाठी चार टप्पे पुरे होतात. प्रत्येक टप्प्याचा टेम्पो, स्वरसमूह आणि डिजिटॅक्टच्या आठ ऑडिओ ट्रॅकवर कोणते आवाज बसणार, हे पक्कं करून सेव्ह करा. उदाहरणार्थ ८४ वर सुरुवात, मध्ये ९६, शेवटाकडे ११०. कोणता स्वर कधी, कोणता आवाज आधी, टप्पा आठ मिनिटांचा की वीस, हे सगळं सोडून द्या. ते तिथे ठरेल. माझा आणखी एक आग्रह: पूर्ण तासभर सा एकच ठेवा. एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना सूर आपटत नाहीत, शिवाय मॉड्युलरचा ऑसिलेटर (सूर काढणारा भाग) एकाच सुराला लावून ठेवता येतो. ॲनालॉग ऑसिलेटर तापमानाबरोबर सरकतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळला की हवा झपाट्याने निवते आणि पाच वाजता लावलेला सूर सातला तिथे राहत नाही. पेटी किमान अर्धा तास आधी चालू करा, ट्यूनर डोळ्यांसमोर राहू द्या आणि मधूनमधून हेडफोनवर तपासत जा.

परतीची वाटही घरीच आखायची. डिजिटॅक्टवर पॅटर्न चांगला वाजत असताना फंक्शन आणि यस दाबून ती अवस्था तात्पुरती साठवा. मग ट्रॅकचं बटण धरून एकच नॉब सगळ्या ट्रॅकवर फिरवा, वाट्टेल तेवढा गोंधळ घाला, आणि फंक्शन-नो दाबून एका क्षणात मागे या. लोकांना ती मोठी कलाटणी वाटते, तुम्हाला ती सुटका असते. चारही टप्पे एकाच प्रोजेक्टमध्ये ठेवा, कारण प्रोजेक्ट बदलायचा म्हणजे आवाज थांबणार. पॅटर्न बदलताना डिलेचा, म्हणजे प्रतिध्वनीचा, फीडबॅक वाढवून आधीचा आवाज हवेत लटकत ठेवायचा आणि त्याच्या आडून नवा पॅटर्न आणायचा. हे एवढं एक हाताला बसलं की सांधे दिसत नाहीत.

सराव करताना पूर्ण तास उभं राहून, खोलीतला दिवा मंद करून, एकाच साध्या स्पीकरवर मोनोमध्ये वाजवा आणि रेकॉर्ड करा. खुर्चीत बसून दोन मॉनिटरांमध्ये केलेला सराव तिकडे फारसा उपयोगी पडत नाही. एकदा मध्येच कोणाला तरी मुख्य बटण बंद करायला सांगा. पुन्हा आवाज यायला किती वेळ लागतो आणि तेवढ्यात तुम्ही काय करता, हे घरीच कळलेलं बरं.

आता सामान. लॅपटॉप घरी ठेवा. तुमच्या वर्णनावरून एबलटनचं काम बहुधा रिव्हर्ब (घुमारा) आणि मिक्सिंग एवढंच आहे. त्याला एक स्टिरिओ रिव्हर्ब पेडल आणि चार चॅनेलचा छोटा मिक्सर पुरतो. मावळतीच्या उजेडात स्क्रीन दिसत नाही आणि अंधार पडला की डोळे तिथून हलत नाहीत. समोर बसलेल्यांना मग मेल वाचणारा माणूस दिसतो. लॅपटॉपच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे: वीज गेली तरी तो आणि यूएसबीवर चालणारा ऑडिओ इंटरफेस चालू राहतात. ती उणीव भरायला फोनमध्ये किंवा छोट्या रेकॉर्डरमध्ये तुमच्याच सा मधला दहा मिनिटांचा ड्रोन भरून मिक्सरच्या एका चॅनेलला जोडून ठेवा. मिक्सर बॅटरीवर चालणारा मिळाला तर उत्तमच. अर्थात तेव्हा पीए, म्हणजे लोकांसाठीचे मुख्य स्पीकर, जनरेटरवर किंवा इन्व्हर्टरवर असायला हवा. तोही गेला असेल तर दोन मिनिटं समुद्र ऐकू द्या, कोणी तक्रार करत नाही.

मॉड्युलरवरचे निम्मे पॅच, म्हणजे केबलच्या जोडण्या, आधीच करून न्या. एक आवाज, एक फिल्टर, एक हळू फिरणारं मॉड्युलेशन, आणि डिजिटॅक्टकडून क्लॉक, म्हणजे टेम्पोचा इशारा. क्लॉकचा मालक एकच ठेवा. मिडी क्लॉक एका मात्रेला २४ ठोके देतो, त्याचे भाग पाडायचं काम मॉड्युलरमध्ये करा. दोन्हीकडे स्वतंत्र टेम्पो ठेवलात तर अर्धा तास जुळवाजुळवीतच जाईल. पॅच केबल जोडलेल्या पेटीचा फोटो काढून ठेवा. ट्रॅव्हल्सच्या डिकीत घाट उतरताना केबल निघतात आणि मॉड्यूलचे स्क्रू सैल होतात, म्हणून पेटी डिकीत न टाकता पायाशी ठेवायची. रेल्वेने जाणार असाल तर दादरहून तुतारी किंवा इतर कुठली गाडी धरून कुडाळला उतरा, पुढे मालवणपर्यंत एसटी किंवा रिक्षा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याचं लगेच भरतं.

वीज हा तिकडचा खरा विषय आहे, त्यावर थोडा वेळ घालवतो.

होमस्टेवाल्यांना फोनवर तीन गोष्टी विचारा. ज्या सॉकेटवर वाजवणार त्याला अर्थिंग आहे का? त्याच लाइनवर डीप फ्रीझर किंवा विहिरीचा पंप आहे का? वीज गेली तर काय चालू होतं, इन्व्हर्टर की जनरेटर? पंप सुरू होताना व्होल्टेज खाली बसतं आणि डिजिटल यंत्र त्या क्षणी पुन्हा बूट होऊ शकतं. मासळीचा फ्रीझर दर थोड्या वेळाने चालू-बंद होतो आणि प्रत्येक वेळी स्पीकरमधून टक्क असा आवाज येतो. सजावटीच्या एलईडी माळा आणि त्यांचे डिमर वेगळ्या लाइनवर घ्यायला सांगा. इन्व्हर्टर साधा स्क्वेअर वेव्हचा असेल तर ॲडॉप्टर गुणगुणतात आणि ते गुणगुणणं थेट ऑडिओत उतरतं. प्युअर साइन वेव्हचा असेल तर काळजी नाही. बऱ्याच होमस्टेच्या ऑफिसात संगणकाला यूपीएस असतो. तो तासाभरासाठी मागून घ्या, तुमची यंत्रं त्याच्यावर आणि पीए वेगळ्या लाइनवर. वीज झटका देऊन परत येते तेव्हा यूपीएसची किंमत कळते.

पॉवर बँकेवर चालवायचा विचार असेल तर हिशेब असा: २०,००० एमएएचची बँक म्हणजे ३.७ व्होल्टने ७४ वॉट-अवर. दहा वॉट घेणारं यंत्र कागदावर सात तास चालतं, प्रत्यक्षात पाच धरा. मात्र डिजिटॅक्टला १२ व्होल्ट लागतात आणि प्रत्येक पीडी (यूएसबी पॉवर डिलिव्हरी) बँक १२ व्होल्ट देतेच असं नाही, त्यामुळे केबल आणि बँक घरी जोडून तासभर चालवून बघा. पिनची ध्रुवताही तपासा. गिटारच्या पेडलना बहुधा ९ व्होल्ट आणि मधली पिन ऋण लागते, डिजिटॅक्टला मधली धन. अंधारात दोन ॲडॉप्टर अदलाबदल झाले तर पेडल गेलंच समजा. प्रत्येक ॲडॉप्टरच्या पिनेजवळ यंत्राचं नाव लिहिलेली चिकटपट्टी लावा. आणि कोणी विमानाने येणार असेल तर बँक हातातल्या सामानात, चेक-इनमध्ये नाही. १०० वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही.

गुणगुण आली तर काय? ५० हर्ट्झची घुं ऐकू आली की साउंडवाला सरळ तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन काढायला जातो. करू देऊ नका. ओल्या मातीत अनवाणी उभं राहून धातूचं यंत्र हाताळायचं आहे तुम्हाला. दोन डीआय बॉक्स न्या, ग्राउंड लिफ्टची कळ असलेले. ऑडिओच्या केबलमधला ग्राउंड तोडायचा असतो, विजेचा नाही. त्या लाइनवर आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आहे का हेही वायरमनला विचारा.

आता साउंडवाला. मालवण परिसरातला साउंडवाला भजनाची डबलबारी, ऑर्केस्ट्रा, लग्नं आणि गणपती यांतून तयार झालेला असतो. माइक हाताळण्यात तो तुमच्या-माझ्यापेक्षा हुशार आहे, पण तुमचं टेबल बघून पहिला प्रश्न येणार, "पेनड्राइव्ह आहे ना?" हसू नका. त्याला शांतपणे सांगा की दोन केबल येणार आहेत, डावी आणि उजवी, दोन्ही लाइन इनपुटवर घ्या आणि माइकच्या इनपुटला लावू नका. मॉड्युलरमधून १० व्होल्ट पीक-टू-पीक आवाज बाहेर पडतो, म्हणजे मिक्सरच्या लाइन पातळीपेक्षा साधारण ९ डेसिबलने चढा. माइकच्या इनपुटवर तो फाटणारच. तुमच्या छोट्या मिक्सरवरून पातळी उतरवून द्या. त्याला सर्वांत मोठ्या आवाजाचा भाग आधी ऐकवा, त्यावर तो पातळी लावेल आणि सेटभर निर्धास्त बसेल. हळू भागावर चेक केलात तर पहिल्या किकला तो फेडर खाली ओढेल आणि मग वर काही नेणार नाही. स्वतःसाठी एक मॉनिटर मागून घ्या. मुख्य स्पीकर १२ मीटरवर असेल तर त्याचा आवाज तुमच्यापर्यंत ३५ मिलिसेकंद उशिरा येतो. सिक्वेन्सर चालू असताना ते चालून जातं, पण हाताने पॅड वाजवायला गेलात की लय सुटते.

उघड्यावरचा आवाज घरासारखा मुळीच नसतो. भिंती नाहीत म्हणजे खालचे सूर परतून येत नाहीत, बास पोकळ वाटतो. बऱ्याच ठिकाणी सबही (खास बासचा स्पीकर) नसतो, १५ इंची दोन टॉप तेवढे. ४५ हर्ट्झची किक तिथे कोणालाच ऐकू येणार नाही. ती ६० ते ८० च्या आसपास आणा, थोडी सॅच्युरेट करा, म्हणजे वरचे हार्मोनिक्स छोट्या स्पीकरवरही तिची जागा दाखवतात. दुसरं म्हणजे लाटा. समुद्राचा आवाज सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो आणि तो तुमचे नाजूक थर, ग्रॅन्युलर धूळ, लांब शेपटीचा रिव्हर्ब सरळ गिळतो. पुण्याच्या बंद खोलीत जे तरल वाटतं ते तिथे काहीच न वाजल्यासारखं वाटतं. मधल्या पट्टीत, स्पष्ट सुरुवात असलेले आवाज ठेवा: घंटेसारखे, लाकडासारखे, तारेसारखे. आणि कृपा करून समुद्राकाठी समुद्राचं रेकॉर्डिंग वाजवू नका. स्टिरिओवरही फार विसंबू नका. बहुतेक वेळा दोन्ही बाजू एकत्र करून मोनोच बाहेर जातं, आणि फेज उलटवून रुंद केलेला पॅड मोनोमध्ये नाहीसा होतो. घरी एकाच स्पीकरवर सराव करायला सांगितलं ते याचसाठी.

वाळूवर वाजवायचा आग्रह झाला तर नम्रपणे नाही म्हणा. वाळू फेडरमध्ये गेली की निघत नाही. त्याशिवाय नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालण्याचा काळ. वेळास, आंजर्ले, गुहागर यांची नावं सर्वांना माहीत आहेत, पण कासवं दक्षिणेकडच्या किनाऱ्यांवरही येतात. किनाऱ्यावरच्या दिव्यांनी मादी बुजते आणि पिल्लं समुद्र सोडून उजेडाकडे वळतात. घरासमोरचं खळं (अंगण) किंवा माडांची बाग ही कधीही चांगली जागा. सारवलेलं खळं असेल तर टेबलाखाली जाड कापड घाला, तांबडी धूळ किंवा ओल काहीतरी असतंच.

परवानगीचं बोलणं होमस्टेवाल्यांचं, पण तुम्ही विचारल्याशिवाय निघू नका. लाउडस्पीकरसाठी पोलीस ठाण्याची परवानगी लागते, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो बंद. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आहे, तेव्हा नऊनंतर आवाज स्वतःहून उतरवा. देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी. रात्री जमीन निवली की तिच्या लगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते, आवाज खाली वाकतो आणि पाण्यावरून दूरवर जातो. पलीकडच्या काठावर पहाटे उठून होडी काढणारी माणसं झोपलेली असतात. सातच्या सुमाराला देवळात आरती असेल किंवा जवळ अजान ऐकू येत असेल तर त्या वेळा आधी विचारून ठेवा आणि तेवढा वेळ फक्त सा धरून थांबा. हा थांबाही सेटचाच भाग करता येतो, आणि त्यानंतर येणारी पहिली किक फार छान बसते.

श्रोते कोण असतील? काही मुंबई-पुण्याहून आलेली कुटुंबं, त्यांची मुलं, स्वयंपाकघरातून डोकावणाऱ्या मावशी, शेजारचे आजोबा. सुरुवातीला दहा मिनिटं नुसता ड्रोन ठेवलात तर आजोबा विचारणार, "गाणा कधी सुरू होतला?" प्रश्न रास्त आहे. मी अशा ठिकाणी पहिल्या दोन मिनिटांतच ठेका आणतो, अगदी हलका का होईना. ठेका मिळाला की लोक पुढे पुष्कळ विचित्र आवाज आनंदाने ऐकतात. मुलं टेबलाभोवती जमली तर एक नॉब त्यांच्यासाठी राखून ठेवा, डिलेचा किंवा फिल्टरचा, फार काही न बिघडवणारा. लोकांना जवळचं वाटावं म्हणून गावातल्या भजनाचा किंवा गाऱ्हाण्याचा (देवापुढच्या विनवणीचा) तुकडा सॅम्पल करून वाजवणं मला पटत नाही. ज्यांचा आवाज आहे त्यांना विचारलं असेल, तेही समोर बसले असतील, तर गोष्ट वेगळी.

वाजवताना दर काही मिनिटांनी दोन्ही हात यंत्रांवरून काढून नुसतं ऐका. पहिल्यांदा हे फार अवघड जातं, रिकामे हात बघून लोक काय म्हणतील असं वाटतं. पण वारा फिरल्याने वरचे सूर कमी झालेत का, बोलण्याचा गलबला वाढलाय का, खाडीतून होडीचं इंजिन जातंय का, हे त्या वेळातच कळतं. होडीचं इंजिन तुमच्या लयीजवळ आलं तर त्याच्याशी खेळायला अर्धा मिनिट मिळतो. सामान कमी न्यायचं ते एवढ्यासाठी.

दवाची आठवण ठेवा. डिसेंबरात आठ-नऊनंतर उघड्यावरच्या टेबलावर पाणी साचतं. डोक्यावर मांडवाचं कापड हवं, आणि वाजवून झाल्यावर यंत्रं आधी कोरड्या फडक्याने पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसह बॅगेत. उलटंही लक्षात असू द्या: एसी खोलीतून किंवा गाडीतून यंत्र बाहेर आणलंत तर थंड धातूवर लगेच ओल धरते. बॅग बंद ठेवूनच अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या, मग उघडा. टचवर चालणारा कीबोर्ड घामट बोटांना वाटेल तसा वागतो, तो नेऊच नका. घरी परतल्यावर जॅक आणि पॉट्सना कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. खारी हवा लगेच दिसत नाही, महिनाभराने खरखर सुरू होते.

प्रवास आणि राहणं मानधनाव्यतिरिक्त धरा, निम्मी रक्कम आधी घ्या. स्वतःच्या सगळ्या केबलना एकाच भडक रंगाची टेप लावा. रात्री आवरताना साउंडवाल्याच्या केबलही काळ्याच असतात, आणि तोही तुमच्याइतकाच दमलेला असतो.